बिबट्या आण्णांच्याच उसात

रात्री सव्वादोन वाजता नानांना बिबट्या ऐकू आला.

नाना म्हणजे माझे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर. एरवी त्यांना जेवायला बोलवायचं तर तीन हाका वाया जातात आणि चौथीला जाऊन खांदा हलवावा लागतो. पण बिबट्या, पाटाचं पाणी आणि दुसऱ्याच्या घरातलं भांडण या तीन गोष्टी त्यांना दोन बांध ओलांडून ऐकू येतात. ते अंथरुणातून उठले, पडवीत आले, दिवा न लावता उभे राहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "उठा रं. आलाय."

कोण आलाय, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.

पाच मिनिटांत सगळं घर गच्चीवर. जुन्नर तालुक्यात गच्ची बांधतात ती उन्हाळ्यात कुरडया वाळवायला आणि हिवाळ्यात बिबट्या ऐकायला. आमची वस्ती येडगावच्या शिवारात. (गावाच्या नावावर पाहुणे जो विनोद करतात तो करून झाला असं समजावं. आम्ही तो जन्मापासून ऐकतोय, आणि तो कोणत्या दिशेनं येणार हे मात्र आम्हाला बिनचूक कळतं.) एका अंगाला कुकडीवरच्या धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला नगर-सोलापूरकडे निघालेला डावा कालवा, आणि मधे उरलेल्या जागेत ऊस. माणसं त्यातून जागा मिळेल तशी राहतात. बिबटेही तसेच राहतात.

आवाज पुन्हा आला. जाड लाकडावर कुणी बोथट करवत चालवावी तसा, खर्र-खुं, खर्र-खुं, सात-आठ वेळा. मग बंद.

"कालव्याच्या अंगाला," नाना म्हणाले.

"छ्या! गोठ्यामागं," आई म्हणाली. आईला जगातलं प्रत्येक संकट गोठ्यामागूनच येताना दिसतं, कारण गोठ्यात तिची वासरी बांधलेली असते.

आमच्या सौ.नी ओझरच्या दिशेला बोट केलं. तिचं माहेर तिकडं. सातवीतले चिरंजीव म्हणाले, "पप्पा, सगळीकडून येतोय," आणि त्यांना गप्प बसवण्यात आलं.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर बॅटरी लागली. आण्णा उठले होते.

"तुमच्या उसात हाय!" ते ओरडले.

"आण्णा, आवाज तुमच्याकडून येतोय," मी म्हणालो.

"आरं, मी हितं उभा हाय ना! माझ्याकडून आला आसता तर मला कळलं नसतं का?"

हे बोलणं चुकीचं आहे असं मला वाटत होतं, पण कुठे चुकलंय ते रात्री अडीच वाजता सापडेना.

आता यामागचं गणित सांगतो. आमच्या आणि आण्णांच्या उसात एका बांधाचं अंतर. दोघांच्याही उसाला तोड आलेली, टोळी दोन-चार दिवसांत शिरायची होती. फडात बिबट्या आहे असं एकदा मुकादमाच्या कानावर गेलं की तो तुमचा फड सोडून दुसऱ्याच्या उसाला कोयता लावतो, आणि तुम्ही वाळत चाललेल्या उसाकडे बघत बसता. त्यामुळे गेल्या पंधरा वर्षांत आमच्या शिवारात एकाही माणसाला स्वतःच्या उसात बिबट्या ऐकू आलेला नाही. दर वेळी तो शेजाऱ्याच्या उसात ओरडतो. सातबारा वाचता येणारा प्राणी म्हणून त्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

आवाजाची दिशा कळते कशी, या विषयाचा त्या रात्रीपासून मला नाद लागला. डोळ्यांचं सोपं असतं. समोर जे दिसतं त्याचं चित्रच डोळ्यात उमटतं. डावीकडचं झाड चित्रात एका बाजूला, उजवीकडचं दुसऱ्या बाजूला. कानात असलं काही नाही. तिथं नुसता पडदा थरथरतो. त्या थरथरीवर "मु. पो. अमुक, वायव्येकडून" असा शिक्का नसतो. मग नाना इतक्या ठामपणे बोट कशाच्या जोरावर दाखवतात?

यातली गंमत अशी, की ज्या शिवारात चार माणसांचं एका बिबट्यावर एकमत होत नाही, त्याच्या आजूबाजूलाच देशातले दोन मोठे कान आहेत. नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहांशी बोलणारं 'विक्रम' भूकेंद्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. देशातलं व्यावसायिक वापराचं तसलं ते पहिलंच. आणि नारायणगावच्या पूर्वेला खोडद. तिथली जीएमआरटी म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, तारांच्या जाळीची. आमची अख्खी वस्ती गोठ्यासकट तीत मावेल. अशा ३० तबकड्या. १४ मधे जवळजवळ, आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांनी लांब पसरलेल्या, पार २५ किलोमीटरच्या टापूत. बाजारला जाताना मधेच एखादी तबकडी उसाच्या वर डोकं काढून आभाळाकडे बघत असते.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदचं केंद्र लोकांना पाहायला खुलं असतं. मोठी जत्राच. आम्ही सहकुटुंब जातो. आत मोबाईल बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांच्या कानाला आपला मोबाईल म्हणजे देवळात कुणी थाळी बडवावी तसा लागतो. तिथल्या लहरी रेडिओच्या असतात, आवाजाच्या नव्हेत, हे मी काकूंना दर वर्षी समजावतो. आणि परत येताना त्या दर वर्षी विचारतात, "मग काय म्हणाले?"

या वर्षी मात्र मी तिथल्या माणसाला नेमकं विचारलं, की तुम्हाला दिशा कळते कशी? त्यानं सांगितलं ते असं. आभाळातून येणारी लाट सगळ्या तबकड्यांवर एकदम पोचत नाही. जी तबकडी त्या बाजूला ती आधी भिजते, दुसरी नंतर. या आधी-नंतरच्या फरकावरून दिशा निघते. तबकड्या ३०, म्हणजे दोघी-दोघींच्या जोड्या किती? ४३५. प्रत्येक जोडी आपला फरक सांगते, संगणक ते सगळं जुळवतो, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरीचा पत्ता लागतो.

"माणसाच्या कानाचंही असंच असतं," तो म्हणाला. "फक्त जोडी एकच."

म्हणजे आमची अडचण कळली. ४३४ जोड्या कमी पडत होत्या.

पण त्या एका जोडीचं कामही ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडात लॉर्ड रॅले म्हणून भौतिकीतले बडे प्रस्थ होऊन गेले. १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं. या गृहस्थांनी तरुणपणी आपल्या हिरवळीवर डोळे मिटून उभं राहायचं, भोवती माणसं उभी करायची, त्यांनी बोलायचं आणि यांनी दिशा सांगायची, असले प्रयोग केले. आमच्याकडे ह्याला आंधळी कोशिंबीर म्हणतात आणि त्यावर नोबेल मिळत नाही. (त्यांनाही ते दुसऱ्या कामासाठी मिळालं.) १९०७ साली त्यांनी मांडलेला हिशोब थोडक्यात असा: जाड, खर्जातल्या आवाजाला मेंदू वेळेचा फरक बघतो, कोणत्या कानात आधी पोचला ते. बारीक, चिरक्या आवाजाला ताकदीचा फरक बघतो, कारण असा आवाज डोक्याला वळसा घालू शकत नाही. पलीकडचा कान डोक्याच्या सावलीत पडतो आणि त्याला कमी ऐकू येतं. थोडक्यात, डोकं मधे आहे म्हणून दिशा कळते. डोक्याचा एवढा निर्विवाद उपयोग मी प्रथमच ऐकला.

वेळेचा फरक म्हणजे किती? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. थेट डाव्या बाजूनं आला तरी उजव्या कानापर्यंत पोचायला त्याला जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश एवढाच वेळ लागतो. आणि मेंदूला त्याहूनही बारीक फरक कळतो. एका सेकंदाचे एक लाख तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा इकडे-तिकडे झालेला चांगल्या कानाला समजतो.

हे काही मला पटेना. खोडदला एका शाळेच्या मुलीनं मांडलेला प्रयोग पाहिला होता, तो घरी करायचं ठरवलं. साहित्य शेतकऱ्याच्या घरी पडूनच असतं: ठिबकची सोळा एमएमची नळी, दीड मीटर, भोकं नसलेली. नळीची दोन टोकं नानांच्या दोन कानांना लावली, मधला भाग खुर्चीच्या पाठीमागून लोंबता ठेवला. नळीच्या बरोबर मध्यावर खडूनं खूण केली आणि चिरंजीवांना पेन्सिल दिली. नानांना सांगितलं, "टक् झालं की डावी का उजवी ते सांगायचं."

चिरंजीवांनी खुणेच्या डावीकडे बोटभर अंतरावर टिचकी मारली.

"डावी."

उजवीकडे बोटभर. "उजवी." मग अंतर कमी करत करत एका सेंटिमीटरवर आणलं. खूण सोडून एक सेंटिमीटर म्हणजे दोन वाटांत दोन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे त्या लाख तुकड्यांतले जेमतेम सहा. नानांनी दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगितलं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"म्हणजे ऐकायला येतंय तर. बरं झालं, ठेवते ध्यानात."

विज्ञानाच्या इतिहासात असे कितीतरी प्रयोग असतील, ज्यांत प्रयोग यशस्वी झाला आणि ज्याच्यावर केला तो माणूस बुडाला. त्या दिवसापासून जेवणाची एकच हाक जाते. नाना माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी मी त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं, कारण डावं-उजवं झालं तरी पुढं-मागं राहिलंच होतं. डोळ्यांना उपरणं बांधलं. चिरंजीवांनी हातात दोन गारगोट्या घेतल्या. बाजूनं वाजवल्या की नानांचं बोट बरोबर तिकडे. मग पोरगं चवड्यावर चालत बरोबर त्यांच्या नाकासमोर आलं आणि हळूच एकदा टकटक केलं. नानांनी मागं बोट दाखवलं. मागे म्हैस बांधली होती. ती त्यांच्याकडे शांतपणे बघत होती.

यात नानांचा दोष नाही. नाकासमोरचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. डोक्यामागचाही एकाच वेळी. डोक्यावरचाही. दोन कानांच्या हिशोबात तिन्हींचं उत्तर शून्य. रॅलेसाहेबही स्वरकाट्यांच्या आवाजावर पुढं-मागं गोंधळले होते, ही बातमी मी नानांना दिली तेव्हा त्यांचा राग निवळला. "साहेबाला जमलं न्हाय म्हंजे औघडच आसंल," ते म्हणाले.

यावर दोन उपाय निसर्गानं ठेवलेत. पहिला मान वळवायचा. मान जराशी डावीकडे केली की समोरचा आवाज उजव्या कानाला जवळ होतो आणि मागचा डाव्या कानाला, लगेच निकाल. आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे, कानोसा. कानोसा घेणारा म्हातारा माणूस नीट पाहा. श्वास धरलेला, तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, "थांबा" म्हणणारा, आणि मान सावकाश तिरपी होत जाते. तो काही पोज देत नसतो. तो मोजमाप घेत असतो. गव्हाणी घुबडाला तर एक कान वर आणि एक खाली बसवून दिलाय, म्हणजे मान न वाकवताही त्याला वर-खाली कळावं. ते मिट्ट काळोखात उंदीर उचलतं, नुसत्या आवाजावर.

दुसरा उपाय म्हणजे कानाची पाळी आणि तिच्यातल्या त्या वेड्यावाकड्या घड्या. मी समजत होतो त्या घड्या मास्तरांना धरायला सोयीच्या म्हणून आहेत. तसं नाही. आवाज वरून आला, खालून आला, मागून आला, की त्या घड्यांवर वेगवेगळा आपटतो, त्याचा पोत बदलतो, आणि मेंदूनं आपल्या कानाचा हा नकाशा लहानपणापासून पाठ केलेला असतो. १९९८ साली हॉलंडच्या काही संशोधकांनी लोकांच्या कानाच्या घड्या साच्यानं बुजवून टाकल्या. डावं-उजवं शाबूत राहिलं, पण वर का खाली हे सांगता येईना. काही आठवडे तसेच वागवल्यावर मात्र त्यांना नवे कान अंगवळणी पडले. आणि साचे काढल्यावर जुने कानही विसरले नव्हते.

मी हा प्रयोग कणकेवर भागवला. चपातीच्या कणकेच्या दोन गोळ्या, भोक मोकळं ठेवून, घड्यांत नीट दाबून बसवल्या आणि अंगणात डोळे मिटून उभा राहिलो. चिरंजीव कधी जिन्यात, कधी पायाशी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत होते. मी दहा वेळा दाखवलेली दिशा दहाही वेळा "समोर" अशी होती. तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, कानांकडे पाहिलं, आणि मग ती जे बोलली ते अन्नाचा मान या विषयावर होतं. ते नक्की कुठून येतंय हे मला कणकेतूनही कळत होतं.

बिबट्या तरी बरा, असं वाटायला लावणारा प्राणी म्हणजे रातकिडा. पावसाळा सरता सरता एक रातकिडा आमच्या मधल्या खोलीत आला. त्याचा आवाज खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यातून सारखाच येत होता. आम्ही सुरुवात ट्रंकेपासून केली. ट्रंक सरकवली, आवाज थांबला. आम्ही थांबलो, आवाज सुरू. आता तो कपाटामागून. लोखंडी कपाट हलवायला आण्णांना बोलावलं. कपाट हललं, तर आवाज छपरातून. पहाटे तीनपर्यंत त्या खोलीत आम्हाला सौ.चा एक झुमका, तीन वर्षांपूर्वीचं लाईटबिल, एक फुलपात्र आणि लग्नात हरवलेली असं समजून ज्यावरून दोन घरांत अबोला होता ती चांदीची अत्तरदाणी, एवढं सगळं सापडलं. रातकिडा सापडला नाही.

त्याचं कारण त्याच्या सुरात आहे. तो सेकंदाला चार-पाच हजार कंपनांचा एकसुरी आवाज काढतो. त्याची एक लाट सात-आठ सेंटिमीटरची. आपल्या दोन कानांमधलं अंतर त्याहून मोठं. म्हणजे एक लाट दुसऱ्या कानात पोचेपर्यंत तिच्यामागच्या आणखी दोन-तीन डोकं ओलांडायच्या वाटेवर असतात. डाव्या कानातली कोणती आणि उजव्या कानातली कोणती, ही जोडी मेंदूला लागत नाही. उरला ताकदीचा फरक. तर बंद खोलीत भिंती तोच आवाज इतक्या बाजूंनी फेकतात की तोही बिघडतो. वरून तो सुरू कधी झाला हेही लक्षात येत नाही. दिशा ठरवायला मेंदूला आवाजाची सुरुवात लागते, टकटक, चुटकी, काडी मोडल्याचा आवाज असलं काहीतरी. एकसुरी लांबलचक बोलणाऱ्याचा रोख कुठे आहे ते कळत नाही, हा अनुभव भाषणं ऐकणाऱ्यांना असतोच.

मोबाईलच्या पिपाण्या त्याच जातीच्या. दशक्रियेला घाटावर चाळीस माणसं कावळ्याची वाट बघत बसलेली असतात आणि एक फोन वाजतो. चाळीस हात चाळीस खिशांवर जातात. नानांची तर वेगळीच तऱ्हा. रात्री दारं धरायला जाताना मोबाईलवर गाणी लावून जावं, म्हणजे बिबट्याला माणसाची चाहूल लागते आणि तो बाजूला होतो, असं वनखातं सांगतं. नाना बंडीच्या आतल्या खिशात भजनं लावून निघतात. एकदा चारीवर वाकले असताना मोबाईल घसरून पाठीकडे गेला, आणि मागून कुणीतरी भजन म्हणत येतंय या समजुतीनं ते खोरं टाकून वस्तीपर्यंत धावले. भजनही त्यांच्यामागे त्याच वेगानं आलं.

पण कानाचा खरा कस लागतो तो सप्ताहात. आठ दिवस गावात कर्णे लागतात. (ऐकतो तो कर्ण आणि ओरडतो तो कर्णा. एका कान्याचा फरक आहे, आणि तो कानाच सगळा त्रास देतो.) मंडपात महाराज समोर कीर्तनाला उभे, कर्णे चार खांबांना. तुम्ही ज्या खांबाजवळ बसाल तिथूनच सगळं कीर्तन येतंय असं वाटतं. बाकीचे तीन कर्णे तेवढ्याच जोरात ओरडत असतात, पण त्यांची दिशा तुमच्या खिजगणतीत नसते. १९४९च्या सुमारास अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी याचा छडा लावला: एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचला त्याची दिशा मेंदू पक्की धरतो. त्यानंतर सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांश भागांत जे पोचतात त्यांना तो वेगळं मोजतच नाही. ते पहिल्याच्या आवाजात भर घालतात एवढंच. म्हणून तर चार भिंतींच्या खोलीत, जिथं प्रत्येक भिंत आवाज परत फेकते, तिथं आपण वेडे न होता बोलू शकतो. आधी पोचेल त्याचं खरं. आपल्याकडे या शोधाला कान भरणे म्हणतात, आणि त्यात प्रत्येक घरात एक तरी तज्ज्ञ असतो.

कर्णे लांब असले की मात्र ही सवलत संपते. आमची वस्ती देवळाच्या कर्ण्यापासून एवढी आणि वेशीवरच्या कर्ण्यापासून तेवढी, अशी पडली आहे. दोन्हींत शंभर-दीडशे मीटरचा फरक, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. एवढ्या उशिराला मेंदू पोटात घालत नाही, तो दुसरा आवाज म्हणून मोजतो. परवा दवंडी आली: "आज आज रात्री रात्री दोन दोन नंबरच्या नंबरच्या चारीला चारीला पाणी पाणी..." नाना रात्रभर स्वस्थ झोपले. सकाळी आमचं पाणी आण्णांच्या उसात गेलेलं. "बावीस नंबर सांगितलं व्हतं," नाना म्हणाले. आमच्याकडे एकूण चाऱ्याच बावीस नाहीत.

आणि हे सगळं डोळे मिटलेले असताना. डोळे उघडले की कानाला कुणी विचारत नाही. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. आमच्या पिढीनं तमाशा तिथंच पाहिला. तंबूत दोन बाजूंना माणसाएवढे खोके, आवाज सगळा त्यांतून. तरी गौळण उभी राहिली की आवाज तिच्या ओठांतूनच येतो, याबद्दल आमच्यातल्या कुणाला कधी शंका आली नाही. खोक्याकडे बघायला फुरसत कुणाला होती! ओठ हलताना दिसले की मेंदू आवाज उचलून तिथं नेऊन ठेवतो. रामदास पाध्यांच्या मांडीवर बसलेला अर्धवटराव बोलतो तो याच भरवशावर, आणि 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूला भिऊन आमचे चिरंजीव महिनाभर दिवा लावून झोपले तेही याच भरवशावर. या कलेला मराठीत शब्दभ्रम म्हणतात. कलावंत आवाज कुठेही फेकत नाही. भ्रम सगळा ऐकणाऱ्याकडे. नाव ठेवणारा माणूस प्रामाणिक होता.

त्यात आमची रात्र वेगळी. थंडीत धरणाच्या पाण्यावरची आणि उसातली हवा गार पडते, वरची त्या मानानं उबदार राहते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि पाण्यावरून लांबवर सरकत जातो. दिवसा ज्या ओझरच्या बाजूची चाहूलही लागत नाही, तिथल्या लग्नातला डीजे रात्री आमच्या उंबऱ्यात वाजतो. म्हणजे सव्वादोन वाजताचा बिबट्या पाण्यापलीकडे असू शकत होता, कालव्यावर असू शकत होता, गोठ्यामागं असू शकत होता. सगळ्यांचं बरोबर असण्याची शक्यता होती, ही गोष्ट आमच्या घरात याआधी कधी घडलेली नाही.

सकाळचं सांगायचं राहिलं.

सकाळी वनखात्याचा पोरगा मोटारसायकलवर आला. "आवाज कसा होता?" त्यानं विचारलं. नानांनी करून दाखवला. गोठ्यातली वासरी दावं ताणून उभी राहिली. "म्हणजे करवतीवाणी," पोरगा म्हणाला. "तो तुमच्यासाठी नव्हता. दुसऱ्या बिबट्याला सांगत होता, का मी हितं आहे. शिकारीला येतो तेव्हा त्याचा आवाजच होत नाही." मांजराच्या जातीचा कान मागेपर्यंत वळतो, आपल्याला मान फिरवावी लागते ते काम त्याचे कान बसल्या जागी करतात, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे रात्रभर आम्ही चौघं तो कुठं आहे यावर भांडत होतो आणि आम्ही कुठं आहोत याबद्दल त्याच्या मनात काही शंका नव्हती.

मग तो खाली बघत चालायला लागला. आम्ही मागं.

पहिला ठसा कालव्याकडच्या पायवाटेवर निघाला. नानांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. दुसरे तीन गोठ्यामागच्या शेणकुरात. "मी म्हणलं नव्हतं?" आई म्हणाली. तिथून ते घराला वळसा घालून पुढं आले. जिन्याच्या पायथ्याशी, जिथं टाकीचं पाणी गळून चिखल झालाय, तिथं चारही पंजे उमटले होते. स्वच्छ, खोल, बराच वेळ उभं राहिल्यासारखे. बरोबर वर गच्चीचा कठडा, जिथं टेकून आम्ही सगळे चार दिशांना बोटं दाखवत होतो. खाली कुणीच दाखवलं नव्हतं.

कुणी काही बोललं नाही. पोरग्यानं टेप काढून पंजा मोजला आणि वहीत लिहिलं. जिन्यापासून ठसे ओझरच्या अंगाला निघाले (सौ. हसली) आणि मग एकदम उसाकडे वळले. आमच्या आणि आण्णांच्या मधल्या बांधापर्यंत व्यवस्थित गेले. बांधावर गवत होतं. गवतात ते हरवले.

पोरगा बांधावर उभा राहून दोन्हीकडच्या उसाकडे बघत होता. तिकडून आण्णाही येऊन उभे राहिले होते. लांब रस्त्यावर मुकादमाचा ट्रॅक्टर थांबलेला दिसत होता.

"गेलाय कुणाच्या उसात?" पोरग्यानं विचारलं.

आण्णांनी आणि मी एकाच वेळी बोट वर केलं.